रुसूबाईचं बी

ताई घरात होती. आत पंखा फिरत होता, रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं, आणि खिडकीच्या पडद्याची कड एकदा हलून पुन्हा जागेवर गेली होती. तरी दार उघडत नव्हतं. मी दोनदा घंटी वाजवली आणि मग लहानपणी मारायचो तशी तळहाताने दारावर थाप मारली.

"बाबू, तू कशाला आलायस ते मला माहीत आहे," दाराआडून आवाज आला. "जा परत."

"दार तरी उघड. भांडंभर पाणी दे."

"कोपऱ्यावर नळ आहे."

साठी उलटलेल्या भावाला सख्खी थोरली बहीण कोपऱ्यावरच्या नळाचा पत्ता देते, यावर काय बोलणार? मी पायरीवर बसलो. मला राग आला की मी बसून घेतो, कारण उभ्याने मी काहीही बोलून जातो.

समोर अंगणात, भिंतीच्या सावलीत, ते झुडूप होतं. अर्धं वाळलेलं, आणि उरलेलं अर्धं पांढऱ्या फुलांनी इतकं लगडलेलं की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. मला त्यातली एक डहाळी हवी होती; कशासाठी, ते फोनवर तिला सांगूनही झालं होतं. हात लांब केला असता तरी मिळाली असती, आणि बहिणीच्या अंगणातून चोरी करायला मी काही फार मागेपुढे पाहणारा माणूस नाही. पण निघताना बायकोने बजावलं होतं, "न विचारता आणलीत तर मी हात लावणार नाही."

हे झुडूप मूळचं रानातलं. मोठ्या झाडांच्या बुडाशी, जिथे ऊन गाळून येतं, तिथे वाढणारं. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण आमची आई त्याला रुसूबाई म्हणायची. ऊन लागलं की रुसते, पाणी जास्त झालं की रुसते, आणि मुळापाशी कुदळ लावली तर वर्षभर फूल दाखवत नाही. आईने गावाबाहेरच्या रानातून एक लहानसं रोप आणून आमच्या परसात, जुन्या झाडाच्या सावलीत लावलं. त्याच्याशी कसं वागायचं ते तिने मला शिकवलं नाही, माझ्या बायकोला शिकवलं. बुडाशी पडलेला पालापाचोळा झाडून काढायचा नाही, तेच तिचं अंथरूण आणि तेच जेवण. माती उकरायची नाही. छाटायचं तर फुलं गळल्या गळल्या छाटायचं, नंतर कात्री लावली की पुढच्या वर्षीच्या कळ्या गेल्याच. मी गावात चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांच्या नाकावर काच नीट बसवणं एवढंच मला येतं. त्या दोघी परसात वाकून काय कुजबुजत असत ते मी कधी विचारलं नाही.

त्यातूनच बायकोची रोपवाटिका उभी राहिली. रुसूबाईच्या फांद्या लावून लावून तिने रोपं केली आणि गावभर वाटली. शाळेच्या मागे, दवाखान्याच्या आवारात, वाचनालयाच्या जिन्याखाली, जिथे म्हणून सावलीचा तुकडा होता तिथे. गेल्या वर्षी खाणीसाठी उरलंसुरलं रान सपाट झालं, तेव्हा ती मला म्हणाली, "रान गेलं, पण रुसूबाईला आपण वाचवलं." त्या दिवसांत ती रस्त्याने जरा ताठच चालायची. मी तिला त्यावरून चिडवलंही होतं.

मग तिच्या डोक्यात किडा शिरला. गावभर इतकी झुडपं, इतकी फुलं, मग फळ कुठेच का धरत नाही? रानात तर जांभळी फळं धरायची, आई ओंजळ भरून आणायची. तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, या झुडपाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आणि एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली शंभर रोपं म्हणजे ते एकच झाड, शंभर ठिकाणी उभं असलेलं.

घरी येऊन ती परसदारी बसली ती उठेचना. मी दिवा लावला, ती तशीच. "मी एकच झाड सगळीकडे लावत बसले," ती म्हणाली. "हे म्हातारं झालं की गावभर सगळी बरोबरच म्हातारी होणार. आणि मी ताठ चालत होते." तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. आईच्या आजारपणातही ती रडली नव्हती. तिची भीती खरीच होती. आमची रुसूबाई आता जुनी झाली होती, गेली काही वर्षं लावलेल्या तिच्या सगळ्या फांद्या काळ्या पडून गेल्या होत्या. आता वाट एकच. कुठून तरी दुसऱ्या झाडाचा पराग आणायचा, फळ धरवायचं आणि त्यातलं बी पेरायचं.

पण रान उरलं नव्हतं. दुसरं झाड असलंच तर ताईच्या अंगणात. आणि तिथेच तर सगळा घोळ होता.

भाऊजी गेल्यावर ताई त्या छोट्या घरात एकटी राहायला आली, तेव्हा आईने तिला एक कुंडी नेऊन दिली होती. आई तिला म्हणाली, "हे घरातल्या झाडाचं नाही. रानातलं बी आणून तुझ्यासाठी पेरलंय." त्या वेळी तिथे दोघीच होत्या. ताईने ते वाक्य जपून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी ते झुडूप दाखवायची आणि मग चहा. आई शेवटपर्यंत आमच्याकडे राहिली, आमच्याकडेच गेली. नंतर तिच्या कपड्यांची आवराआवर करताना ताई भरल्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला सगळी आई मिळाली. मला काय, एक झुडूप."

माझी बायको तेव्हा थकलेली होती. वर्षभर रात्री उठून आईची कूस बदललेली बाई ती. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्याचं तरी काय कौतुक, वन्सं? आमच्याच रुसूबाईची फांदी खोचून दिली होती तुम्हाला. गावाला दिली तशी तुम्हालाही दिली."

ताईने हातातली घडी खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर तिने आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. लग्नकार्यात भेटली तर माझ्याशी बोलायची, हिच्याकडे पाहायचीही नाही. मी दोघींच्या मधे मूग गिळून बसलो, तो इतकी वर्षं बसूनच होतो.

आता मजा बघा. बायकोचा तो टोमणा खरा असेल, तर ताईचं झाड म्हणजे आमचंच झाड, आणि त्याचा पराग काही कामाचा नाही. ताईचं म्हणणं खरं असेल, तरच रुसूबाईला बी धरणार. म्हणजे ताई खरी निघावी म्हणून जी बाई देव पाण्यात घालून बसली होती, ती माझी बायको. आणि वेळही उरला नव्हता. ताईच्या भिंतीखालचा पाण्याचा नळ फुटून मुळं कुजली होती. बायकोने रस्त्यावरून ते झुडूप पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "मरायला टेकलं की असंच भरभरून फुलतं. पुढच्या वर्षी हे नसेल."

तर मी पायरीवर बसलो होतो.

"ताई," मी दाराला पाठ लावून म्हणालो, "एक डहाळी दिलीस तर तुझं काय जातंय? झाड तर चाललंच आहे."

रेडिओ बंद झाला. मग आवाज आला तो अगदी दाराला लागून, बहुतेक तीही पलीकडे खाली बसली होती.

"आणि फळ नाही धरलं तर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं, ही खुन्नस काढते आहे.

"नाही धरलं तर नाही धरलं."

"तुला काय जातंय म्हणायला. नाही धरलं तर आईने मला फांदीच खोचून दिली होती. आणि वर खोटं बोलली माझ्याशी. मग ती म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"ती असं म्हणणार नाही."

"तोंडाने नाही म्हणणार," ताई म्हणाली.

मी काढता पाय घेतला.

घरी बायको झाडाखाली बसली होती. हातात बारीक कुंचला, शेजारी मलमलच्या पिशव्या शिवून ठेवलेल्या. आमची फुलं उमलून गळायलाही लागली होती, तिच्या खांद्यावर, केसांत, पाचोळ्यावर पांढरा सडा होता. माझे रिकामे हात पाहून तिने कुंचला खाली ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.

"घाबरल्या आहेत," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मीही घाबरलेय. पण मला बी हवंय. त्यांच्याकडे जे आहे तेच गमवायची त्यांना भीती वाटतेय. त्यांचं जास्त अवघड आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा जाऊ नका. मागून घेण्यासारखी वस्तू नाही ही."

मी चिडलो. म्हटलं, इतका समजूतदारपणा त्या दिवशी कपड्यांच्या ढिगापाशी दाखवला असतास तर आज ही वेळ आली नसती. मी बोललो ते बरोबर होतं, आणि बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसाचं फाटक वाजलं. ताई उभी होती. घामाघूम, पदर खांद्यावर ओढलेला, आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुललेली डहाळी. तिने ती माझ्याकडे दिली, बायकोकडे पाहिलं नाही.

"हिला सांग, पिशव्या मी बांधणार. आणि मीच सोडणार. मधे कुणी हात लावायचा नाही."

"बरं," बायको म्हणाली.

"मी तुझ्याशी नाही, बाबूशी बोलतेय."

"बरं," मी म्हणालो.

बायकोने ताईच्या फुलांतला पिवळा पराग कुंचल्याच्या टोकावर घेतला आणि आमच्या ताज्या उमललेल्या फुलांच्या मधोमध टेकवत गेली. डोळ्यांत काजळ घालावं इतक्या हलक्या हाताने. निवडलेल्या डहाळ्यांवर, आणखी कशावर नाही. ताई तिच्या मागे उभी राहून प्रत्येक फुलाकडे टक लावून बघत होती. माझी बायको कुंचल्यात काही लबाडी करते की काय, असंच तिला वाटत असावं. मग तिने पिशव्या चढवल्या आणि दोऱ्याच्या अशा गाठी मारल्या की दात लावूनही सुटू नयेत. शाळेतही ती माझ्या दप्तराला अशाच गाठी मारायची आणि मला घरी पोहोचेपर्यंत डबा उघडता यायचा नाही.

आणि मग ताई रोज यायला लागली. संध्याकाळी फाटक वाजायचं, ती सरळ परसात यायची, मोडक्या खुर्चीत बसायची आणि पिशव्यांकडे बघत राहायची. पहिल्यांदा चहा दिला तर "घेऊन आले" म्हणाली. नंतर नंतर घ्यायला लागली, पण कप मी द्यायचा. बायको तिथेच कुंड्या भरत असायची. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. मी मधे बसून हवापाण्यावर बोलायचो आणि दोघीही "हं" म्हणायच्या. दुकानात दिवसभर कटकटी गिऱ्हाइकं सहन करून घरी यावं, तर घरी हे. पण खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी ताई त्या खुर्चीत बसली होती.

मलमलीतून आतलं दिसायचं. पाकळ्या वाळल्या, गळल्या. मग मागचे हिरवे देठही एकेक करून सुटायला लागले. पिशवीच्या तळाशी काळा कचरा साठू लागला. एके दिवशी ताईने एक पिशवी बोटाने हलकेच वर उचलली, आत काहीच उरलं नव्हतं. तिने हात मागे घेतला. तिचा चेहरा बघवत नव्हता. बायको पलीकडून उठली, पाणी मारलेलं पोतं झाडाच्या उन्हाच्या बाजूला टांगलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. ऊन त्या वर्षी खरोखरच वैऱ्यासारखं होतं.

त्याच सुमारास ताईचं झाड गेलं. तिने ते येऊन सांगितलंही नाही. मी सहज विचारलं तेव्हा म्हणाली, "परवाच पानं टाकली." एवढंच.

शेवटी एकाच पिशवीत जीव उरला. तिच्यात हिरवा मणी होता. मी दुकानातलं भिंग आणून लावलं. मणी फुगत होता, यात शंका नव्हती. मी ताईच्या हातात भिंग दिलं. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, थेट बायकोकडे वळून म्हणाली, "धरलं. म्हणजे बीच होतं."

मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. संपलं एकदाचं. आणि माझ्या बायकोने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं, आता ही खरं बोलणार. मी तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

"अजून सांगता येत नाही, वन्सं," ती म्हणाली. "मी कॉलेजातल्या बाईंना विचारलंय. कधी कधी नुसतंच फळ फुगतं. आत बीसुद्धा दिसतं, पण ते पोकळ असतं. कवच तेवढं, आत गर नाही. क्वचित स्वतःच्या परागानेही तसं होतं."

"मग कळणार कसं?"

"पेरून. पण याला उगवायला दोन वर्षं लागतात, आणि चांगलं बीसुद्धा कितीदा कुजतं. नाही उगवलं तर काहीच कळणार नाही."

"आणि लगेच कळायचं असेल तर?"

बायको कुंडीतली माती सारखी करायला लागली. ताईने पुन्हा विचारलं.

"कापून," बायको म्हणाली.

फळ पिकेपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आता ताई त्या मण्याकडे वेगळ्या नजरेने बघायची, आणि बायको ताईकडे. कुणी विषय काढत नव्हतं. मीच एकदा फाटकापर्यंत ताईसोबत गेलो आणि म्हटलं, "ताई, ते एकच आहे. जगात त्या झाडाचं दुसरं बी नाही. तू कापायबिपायचं मनात आणू नकोस."

"जगाचं मला काय करायचंय," ती म्हणाली. "बाबू, तुला आई रोज दिसत होती. तुला काय कळणार."

"दोन वर्षं थांब. उगवेल."

"आणि नाही उगवलं तर? मी मरेपर्यंत रोज हाच विचार करत बसू? आत्तापर्यंत केला तेवढा पुरे नाही?" तिने फाटकाची कडी सरकवली. "आधी मला कधी शंका आली नव्हती रे. ही ते बोलल्यापासून मी त्या झाडाला पाणी घालतानासुद्धा बघायचे, याचं पान तुमच्या पानासारखंच आहे का म्हणून."

मी आत येऊन हे बायकोला सांगितलं नाही. मी सांगितलं नाही तरी तिने ओळखलं.

फळ जांभळं झालं. त्या संध्याकाळी ताई आली ती खुर्चीत बसलीच नाही. उभ्याने तिने गाठी सोडायला घेतल्या. गाठी तिच्याच होत्या, वेळ लागला. मी कात्री पुढे केली तर म्हणाली, "नको." पिशवी निघाली. फळाला हात लावताच ते तिच्या तळहातावर सुटून आलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी गेलो, कारण तिथे दिवा मोठा होता.

बायकोने पाण्याच्या वाटीत फळाचा गर काढला. आत एक बी होतं. तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्याहून लहान. तिने ते कोरड्या फडक्यावर ठेवलं. हात मांडीवर ठेवून नुसतं बघत राहिली. त्या बाईला मी इतकी वर्षं ओळखतो. त्या क्षणी तिला ते बी मुठीत धरून परसात पळत जावंसं वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुंडीसुद्धा तिने तयार ठेवली होती. रानातून पूर्वी कधी आणलेली माती, त्यावर कुजका पाला, सगळं चाळून.

"हे भरलेलं आहे की पोकळ?" ताईने विचारलं.

"वरून सांगता येत नाही."

"पाण्यात टाकून?"

"कवचामुळे तसंही तरंगतं."

ताईने ते मागितलं नाही. पण नजर त्या बीवरून हलत नव्हती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझा संताप झाला. मी म्हणालो, "ताई, पुरे झालं आता. मेलेल्या माणसाची परीक्षा घ्यायला निघाली आहेस तू. हिची सगळी मेहनत आहे यात. हे बी पेरायचं. मी सांगतो म्हणून पेरायचं."

"अहो, तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली.

ती उठली. खिडकीपाशी तिची अवजारं असतात, त्यातली कलमं बांधायची सुरी तिने घेतली. छोटी, पातळ पात्याची, ती कुणाला हात लावू देत नाही ती. पदराने पुसली आणि ताईच्या समोर, बीच्या शेजारी ठेवली.

"वन्सं," ती म्हणाली, "फांदी खोचून दिली म्हणाले ना मी, तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. आईंनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून बोलले. ते तुम्ही इतकी वर्षं घेऊन फिरलात. आता तुम्हाला हवं तर बघा."

"आणि तुझं बी?"

"एकच आहे," बायको म्हणाली. खोटा दिलासा देणं तिला तेव्हाही जमलं नाही.

मला वाटलं, आता ताई सुरी बाजूला सारेल. कुणालाही वाटलं असतं. मी तर खुर्ची मागे सरकवून अर्धा उठलोही होतो, कुंडी आत आणायला. तेवढ्यात ताईने डाव्या हाताच्या दोन बोटांत बी धरलं, सुरी त्याच्या मधोमध ठेवली आणि दाबली.

बारीकसा आवाज झाला. दोन अर्धे फडक्यावर पडले.

बायको वाकली. मी भिंग पुढे केलं, पण त्याची गरज नव्हती. दोन्ही अर्धे काठोकाठ भरलेले होते. आतला गर पांढराशुभ्र, ओलसर, आणि एका अर्ध्याच्या कडेला कोंब होणारं ते इवलंसं टोक, पात्याने अगदी मधून चिरलेलं. मी बायकोकडे बघू शकत नव्हतो, म्हणून दिव्याकडे बघत राहिलो.

तीच आधी बोलली. "भरलेलं आहे. आईंनी पेरलं होतं, वन्सं. रानातलं बी होतं ते. तुमच्यासाठीच पेरलं होतं."

ताईने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली. आईला नेलं त्या दिवशी ती रडली नव्हती, तिने दात आवळून सगळ्यांचं सगळं केलं होतं. आता डोळ्यांतून पाणी गालांवर, तिथून हनुवटीवर आलं आणि तिने ते पुसलंही नाही. तिने दोन्ही अर्धे उचलले, एकमेकांना नीट लावले, कड कडेला जुळवली, आणि चिमटीत घट्ट दाबून धरले.

"हे चिकटेल का गं?" तिने विचारलं.

बायको तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "नाही चिकटत," ती म्हणाली.

ताईने तरी चिमूट सोडली नाही.